शस्त्रं सगळ्यांना पाठ, पण लढायचं कशासाठी?

सातरस्ता_अभ्यासिका: एसएसबीची, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीची तयारी करतोय. काल गटचर्चेला विषय होता, देशाच्या सैन्यात आणि सरकारात सामरिक विचार, म्हणजे कशासाठी आणि कसं लढायचं हे आधी ठरवणं, कसा वाढवायचा. आम्ही सगळ्यांनी राफेल, ड्रोन, एस-४०० अशी शस्त्रांची यादी म्हणून दाखवली. सर म्हणाले, "हे घेऊन करायचं काय?" कुणालाच बोलता आलं नाही. सुरुवात कुठून करू?

भीमाकाठचा_सुभेदार: तुमची ती बाजाराची यादी झाली बाळा. जेवायला कोण येणार ते आधी ठरायला नको का?

मी सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संपर्क विभागात, २६ वर्षं काढली. सराव संपला की साहेब सगळ्यांना खाली बसवून चुका विचारायचे. राजस्थानात एकदा माझ्या तुकडीनं बॅटऱ्या चार्ज न करताच नेल्या. रात्री दोन तास संपर्क बंद. मलाच उभं राहून सांगावं लागलं, कान तापले. पण पुढच्या वेळी निघण्याआधी बॅटरी तपासूनच गाडी हलली.

दिल्लीत असं चुका कबूल करणं अवघड जातं. १९६२च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ पासून कुलपात आहे, सरकारनं तो अजून खुला केलेला नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल मात्र, काही भाग झाकून का होईना, संसदेत ठेवला. त्यातून पुढं मंत्रिगट बसला, त्यानं २००१ मध्ये तिन्ही दलांसाठी एक संरक्षण दलप्रमुख सुचवला. जनरल रावत त्या खुर्चीवर बसले १ जानेवारी २०२०ला! आणि आपलं राष्ट्रीय सुरक्षा धोरण म्हणून जाहीर झालेला एकही कागद नाही. मग सैन्यानं नेमकं कशाचं नियोजन करायचं?

मंगळवेढ्याचा_मास्तर: लांब कशाला जाता, माचणूरला जाऊन या. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी तिथंच, ब्रह्मपुरीला होती. फौज, तोफा, खजिना, काय कमी होतं? पण राजाराम महाराज तिकडं तमिळनाडूत जिंजीला, इकडं कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडं, संताजी-धनाजी मोकळे. बादशहा एक किल्ला घ्यायचा तर दुसरीकडं रसद लुटली जायची. शेवटी १७०७ला नगरजवळच वारला.

भीमाकाठचा_सुभेदार: मास्तर, पटलं. पण आपलीच पाठ थोपटून थांबू नका. १७६१ला पानिपतावर उपाशी पडलेली फौज आपलीच होती की.

सातरस्ता_अभ्यासिका: काका, मुलाखतीत त्या १९६२च्या अहवालाचं बोललं तर चालेल?

भीमाकाठचा_सुभेदार: बोल की. सरकारला शिव्या घालू नको, काय करायला हवं ते सांग. आणि बॅटरीचा किस्सा स्वतःचा म्हणून खपवू नको, पुढचा प्रश्न वायरलेसचा आला तर अडकशील.