नुसती लिंक पुरत नाही

लेखनात वेबपानाचा संदर्भ देताना ‘लिंक आणि पाहिल्याची तारीख दिली की झालं’ असं म्हणतात, ते अर्धंच पटतं. तारखेवरून कधी पाहिलं ते कळतं; काय पाहिलं ते पान बदलल्यावर कोण दाखवणार? माझ्या प्रबंधातल्या एका तळटीपेची लिंक परीक्षकांनी उघडली, तर समोर संस्थेचं मुखपृष्ठ. नवं संकेतस्थळ करताना जुना अहवाल गडप झालेला. नशीब, वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारं संकेतस्थळ) त्याची प्रत सापडली. तेव्हापासून पान वाचतानाच तिथल्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये पत्ता टाकतो आणि संदर्भात मूळ पत्त्याशेजारी जतन केलेल्या प्रतीचाही देतो. प्रतीच्या पत्त्यात वर्षापासून सेकंदापर्यंतचा १४ अंकी शिक्काच असतो (वेळ यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, म्हणून मध्यरात्रीनंतर लगेच जतन केलं तर तारीख आदल्या दिवसाची दिसते). लॉगिनमागची पानं मात्र अशी जतन होत नाहीत. त्यांची पीडीएफ स्वतःजवळ ठेवावी.

डीओआय (कायमस्वरूपी ओळखक्रमांक) असलेल्या शोधनिबंधाला ही उठाठेव नको. एपीए या संदर्भलेखन पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत डीओआय पूर्ण लिंकच्या रूपात लिहितात, आणि पाहिल्याची तारीखही सतत बदलणाऱ्या पानांनाच मागतात.