फिफ्थ व्हीलला मागे हिच रिसीव्हर बसवायचा आहे, सल्ला हवा

डॅलसचा_भटक्या
मंडळी, आमचं ३२ फुटी फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यात टेकवून ओढायचं फिरतं घर) आहे, सेकंडहँड घेतलेलं. यंदा दोन ई-बाईक घेतल्या. ट्रकच्या हौद्यात त्याचा हिच (ट्रेलर जोडायची जोडणी), त्यामुळे तिथे जागा नाही. सध्या सायकली ट्रेलरमध्ये, डिनेटशेजारी (जेवणाच्या टेबलाजवळ) आडव्या झोपवून नेतो. मुक्कामी पोचलं की आधी त्या बाहेर काढायच्या, मग चहा. बायको वैतागली आहे.

मागच्या बंपरवर नुसता बोल्टने आवळायचा रिसीव्हर (सायकल-रॅकचा दांडा खुपसायची चौकोनी नळी) स्वस्तात मिळतोय. दोन सायकली १३० पौंड, रॅक ५५. चालेल का?

खटारा_एक्स्प्रेस
अहो, नका! तो बंपर म्हणजे चार इंची चौकोनी पोकळ नळा, पत्रा पातळ. त्यात सांडपाण्याचा पाइप ठेवायचा, एवढीच त्याची लायकी.

मी हा उद्योग केलाय. न्यू मेक्सिकोत डिझेल भरायला थांबलो, मागे जाऊन बघतो तर रॅक उजवीकडे कललेला. बंपर फ्रेमला जिथे वेल्ड केलेला असतो तिथे केसाएवढी तांबूस रेघ दिसली. नखाने खरवडली तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली बोटभर चीर. सायकली तिथेच उतरवल्या आणि बाकीचा प्रवास तुमच्यासारखाच, डिनेटशेजारी.

भंगारातला_इंजिनियर
खटाराशी सहमत. रिसीव्हर फ्रेमलाच हवा, दोन्ही बाजूंच्या मुख्य बीमना धरून. आडव्या पट्टीचे तयार हिच मिळतात, फ्रेमच्या रुंदीप्रमाणे कमीजास्त करता येतात.

आता गणित. एक्सलच्या मध्यापासून सायकली १२ फूट मागे आणि किंगपिन (ट्रेलरची ट्रकवर टेकणारी खुंटी) २० फूट पुढे धरा. १८५ × १२ ÷ २० = १११. म्हणजे पिनवरचं वजन १११ पौंडांनी घटेल आणि एक्सलवर २९६ वाढेल. तुमचा ट्रेलर भरून १०,००० पौंडांचा असेल तर पिनवर १५ ते २५ टक्के, म्हणजे निदान १,५०० तरी असायला हवेत. त्यातले १११ गेले तर ट्रकला कळणारही नाही. टायरवर मात्र २९६ पौंड चढतात, तिथे आधीच काठावर असाल तर बघा. ट्रकस्टॉपच्या काट्यावर एकदा भरलेला ट्रेलर तोलून घ्या.

खरी भानगड उभ्या वजनाची नाहीच. एक्सलच्या मागे लोंबणारं टोक प्रत्येक खड्ड्याला चाबकासारखं उसळतं. म्हणूनच कित्येक रॅक कारला चालतात, पण ट्रेलरमागे लावले की वॉरंटी संपली. रॅकच्या माहितीपत्रकात आरव्हीसाठी (अशा फिरत्या घरांसाठी) चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. रिसीव्हर, रॅक, फ्रेम यांत ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तो तुमचा आकडा.

माहेरवाशीण_मिशिगनची
सायकली मागेच कशाला? आम्ही ट्रकच्या पुढच्या बाजूला रिसीव्हर बसवून घेतला. सायकली सतत डोळ्यांसमोर, चोरीची धास्ती नाही. फक्त हेडलाइट झाकले जात नाहीत ना आणि रेडिएटरला वारा मिळतोय ना, ते पाहायचं. ह्यांना आधी लाज वाटत होती, आता सगळ्यांना तेच सुचवतात.

डॅलसचा_भटक्या
सगळ्यांचे आभार. काल चटई टाकून ट्रेलरखाली शिरलो. सहा इंची आय-बीम (इंग्रजी I च्या आकाराची तुळई) आहे, पण शेवटचे तीनेक फूट वेगळा तुकडा जोडलेला दिसतो आणि तो हाताला पातळ लागतो. एक वेल्डर म्हणाला, अर्ध्या तासात खालून पट्टी मारून देतो.

भंगारातला_इंजिनियर
अर्ध्या तासवाल्याला नमस्कार करा! आय-बीमच्या खालच्या पट्टीवर आडवं वेल्ड मारलं की नेमकी तिथेच पुढे चीर पडायची शक्यता वाढते, कारण सगळा ताण त्या पट्टीत असतो. बीमच्या उभ्या पोटाला प्लेट लावून बोल्ट मारणं बरं, आणि प्लेट त्या जोडतुकड्याच्या पुढे, जाड बीमपर्यंत न्या.

ड्रिल लावायच्या आधी खालचं प्लास्टिकचं आवरण कापून आत डोकवा. वायरी, गॅसची नळी, टाकी, काय कुठे आहे ते बघा. वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरी सोडवून ठेवा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. फ्रेमच्या कंपनीला आधी ईमेल करा, उत्तर लेखी घ्या.

खटारा_एक्स्प्रेस
आणि उद्या तिथे बोट जोडायचा मोह झाला तर आवरा. टेक्सासमध्ये एकामागे एक दोन ट्रेलर चालतात, पण वॉशिंग्टन राज्यात चालत नाहीत. मिशिगनमध्ये लायसन्सवर वेगळी नोंद लागते.

डॅलसचा_भटक्या
बोट नाही हो, सायकलींचेच हप्ते चालू आहेत. माहेरवाशीणताई, पुढच्या रिसीव्हरचं जास्त पटतंय. बसवल्यावर पुढची नंबरप्लेट झाकली जाते का तुमची?

माहेरवाशीण_मिशिगनची
आमच्याकडे पुढे प्लेटच लागत नाही! टेक्सासला लागते, तेव्हा रॅकसोबत प्लेटची पट्टीही मागवा.