जैसलमेरला लोक पाण्याशिवाय राहिले कसे?

भटका_वऱ्हाडी:
डिसेंबरात जैसलमेरला जातोय. किल्ला बघणारच, पण डोक्यात भलताच प्रश्न घोळतोय, 1156 पासून तिथे शहर आहे, बारमाही नदी नाही, पाऊस जेमतेम, मग एवढी माणसं, गुरं, उंटांचे तांडे पाणी प्यायचे कुठून? आणि कुलधरा बघावं का, की नुसत्या भुताच्या गोष्टी?

मरुप्रेमी:
बघाच, पण प्लीज भुतासाठी नको. पालीवाल ब्राह्मणांचं गाव ते. दिवाण सालमसिंगच्या जाचाने एका रात्रीत ओस पडलं ही दंतकथा गाइड सांगेलच, पाणी आटत गेलं म्हणून लोक हळूहळू निघून गेले असंही अभ्यासक म्हणतात. पण त्या लोकांनी शेती कशी केली हे कुणी सांगतच नाही, त्याचंच फार वाईट वाटतं. खडीन बघा! खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालायचा, उतारावरचं पाणी येऊन तिथे तुंबतं, जास्तीचं सांडव्यावरून जातं, बाकीचं मुरतं आणि पावसाळा सरून पाणी ओसरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, वरून पाणी द्यायचं नाही. आपण माण-खटावला दुष्काळी म्हणतो, तिथे त्याच्या निम्म्याहून कमी पाऊस आणि तरी गहू!!

ओलावा:
+1. पिण्यासाठी शहरात गडीसर तलाव होताच, पण वाळूतली कुई मला जास्त भारी वाटते. खालचं भूजल खारं, पण काही पट्ट्यांत मध्येच जिप्समचा थर असतो, तो पावसाचं मुरलेलं पाणी खाऱ्यात मिसळू देत नाही. त्या थरापर्यंत एकच माणूस बसून खणू शकेल एवढी अरुंद विहीर खणायची, वाळू ढासळू नये म्हणून आतून खींप नावाच्या झुडपाचा जाड दोर वेटोळं करत लावत जायचा. पाणी झिरपत झिरपत येतं, दिवसाला दोन-तीन घडेच, पण गोडं.

जुनी_माती:
शेती तर त्याहून कितीतरी जुनी आहे. उत्तरेला हनुमानगढ जिल्ह्यात कालीबंगा, घग्गरच्या काठी, तिथे 1960 च्या दशकातल्या उत्खननात हडप्पापूर्व काळातलं नांगरलेलं शेत मिळालं, उभ्या-आडव्या सऱ्यांसकट. आजूबाजूचे शेतकरी तेव्हाही तशाच सऱ्या पाडून दोन पिकं एकत्र घ्यायचे.

भटका_वऱ्हाडी:
जबरदस्त, खूप धन्यवाद! डिसेंबरात खडिनात काही दिसेल का?

मरुप्रेमी:
पाऊस बरा झाला असेल तर हिरवा गहू दिसेल. कुलधरा-खाबा भागात गावकऱ्यांना विचारा, दाखवतात. बांधावरूनच चाला, पिकात उतरू नका.