कर्मचाऱ्यांची लॉगिन खाती उघडणं-बंद करणं आपोआप व्हावं, काय घ्यावं? (इंदूर-पीथमपूर)

पीथमपूरवाली:
नमस्कार मंडळी. कारखाना पीथमपूरला, ऑफिस इंदूरला विजयनगरात. माणसं हजाराच्या आसपास, त्यात बरीच ठेकेदाराची. एचआरचा मेल आला की आम्ही एडी (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे विंडोज लॉगिनची यादी), मेल, ईआरपी (खरेदी-हिशेबाचं सॉफ्टवेअर), व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडायची सोय) अशा चार ठिकाणी हातानं खाती उघडतो. नवा माणूस खातं मागायला येतोच, सोडून गेलेल्याचं मात्र कुणी कळवत नाही. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा (लॉगिन खाती सांभाळणारी क्लाउड सेवा) आहे, त्याच्या पी१ या पैसे भरून घ्यायच्या लायसन्ससकट. त्यातच भागवावं की मिडपॉइंट (याच कामाचं वेगळं सॉफ्टवेअर) बघावं?

राजवाडा_अ‍ॅडमिन:
ताई, एन्ट्रातच सुरुवात करा, पण आधी एचआरची नोंद साफ करून घ्या. प्रत्येकाला एकच कर्मचारी क्रमांक हवा, परत रुजू झाला तरी तोच. नावावरून जोडणी करू नका, एका नावाची तीन माणसं निघतातच.

एचआरचं काम वर्कडे किंवा सक्सेसफॅक्टर्स या सॉफ्टवेअरवर असेल तर एन्ट्रा थेट जोडता येतं. नसेल तर एपीआयवरून (एका प्रोग्रामनं दुसऱ्याला माहिती द्यायची सोय) माहिती आत घेता येते. एचआरकडून रोज सीएसव्ही (साधी तक्त्याची फाइल) घ्या आणि पॉवरशेल (विंडोजमधली आज्ञा-भाषा) स्क्रिप्टनं पाठवा, तुमचं पी१ त्याला चालतं. पुढे ईआरपीत खातं पोचवायला स्किम २.० लागेल (खात्यांची माहिती एका सिस्टीममधून दुसरीत पोचवायचं इंटरनेट मानक, आरएफसी ७६४३ आणि ७६४४, २०१५). ईआरपीवाल्यांकडून लेखी घ्या की तुमच्याच आवृत्तीत ते चालतं. तोंडी "हो" वर थांबू नका.

पहिल्या टप्प्यात फक्त सोडून जाणारे घ्या, खरा धोका तिथेच आहे. एन्ट्राची बदल पुढे पोचवायची फेरी साधारण ४० मिनिटांनी होते, आणि खातं बंद केलं तरी आधी मिळालेलं टोकन (लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता डिजिटल पास) तासभर चालू शकतं. कुणाला तडकाफडकी काढलं तर त्याचं सेशन (चालू लॉगिन) हातानं रद्द करा. आणि चुकून होणाऱ्या डिलीटवरची मर्यादा पहिल्या दिवशीच लावा. एचआरची फाइल अर्धवट आली तर अर्धा कारखाना लॉगिनबाहेर जाईल, पहिल्या पाळीलाच.

मल्हारगंज:
वरच्याशी सहमत. ईआरपी जुनं असेल, स्किम नसेल, तर मिडपॉइंट खरंच कामाचं आहे. डेटाबेस टेबल, एलडीएपी (खात्यांच्या याद्या वाचायची जुनी पद्धत), सीएसव्ही, सगळ्यांचे कनेक्टर (जोडणीचे तयार भाग) मिळतात. ओपन सोर्स आहे, पण जावा आणि एक्सएमएल सांभाळणारा माणूस घरचा हवा. तो नसेल तर नको.

बदलीवाले विसरू नका. खरेदीतून अकाउंट्समध्ये गेलेल्याकडे जुना हक्क राहिला, तर ऑर्डरही तोच काढणार आणि बिलही तोच पास करणार. विभाग बदलला की जुने हक्क आधी काढायचे, मग नवे द्यायचे.

पीथमपूरवाली:
आणि ठेकेदाराची माणसं? ती एचआरमध्ये नाहीतच.

राजवाडा_अ‍ॅडमिन:
गेटपासला जोडा. पासची मुदत तीच खात्याची शेवटची तारीख, आणि ती वाढवायची तर विभागप्रमुखाची मंजुरी. लॉगही (सिस्टीममधल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस देशातच ठेवा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांत ते आहे.