चर्चा: वणवे विझवण्याच्या हट्टानेच वणवे वाढले का?

गवतकाडी: माझ्या मते हो. १९१० साली आयडाहो आणि माँटानात दोन दिवसांत सुमारे १२ लाख हेक्टर जंगल जळालं. त्याच धसक्यातून अमेरिकेच्या वनखात्याने १९३५ मध्ये नियम केला: आगीची खबर आली की दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत ती आटोक्यात आणायची. पाँडेरोसा पाइनच्या वनात दर काही वर्षांनी जमिनीलगत सरकणारी आग थांबली. खाली कोवळी झाडं दाटली आणि आता ज्वाळा त्याच शिडीवरून शेंड्यांना पोहोचतात. उलट उत्तर ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी पावसाळा सरताच, गवतात ओल असताना, तुकड्यातुकड्यांनी जाळतात. रात्रीच्या दवाने जाळ विझतो, मोठ्या वणव्याला सलग गवत उरत नाही.

ओलमाती: गवताळ प्रदेशाचा न्याय सगळ्या जगाला लावू नका. न्यूझीलंडमध्ये माणूस तेराव्या शतकात पोहोचला. तिथे वीज पडून लागणारे वणवे दुर्मीळ, त्यामुळे झाडं आगीला सरावलेली नव्हती. माणूस आला त्याच सुमारास तळ्यांच्या गाळात कोळशाचे कण एकदम वाढलेले दिसतात. दक्षिण बेटाच्या कोरड्या पूर्व भागात जंगल गेलं ते गेलंच. जागी आलेलं मानुकाचं झुडूप पटकन पेटतं, म्हणजे जळालेली जमीन पुन्हा जळते. आणि पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या पाल्याची माती? इंडोनेशियातल्या कालिमंतानात भातशेतीसाठी कालवे खणून दलदल सुकवली. १९९७ च्या एल निन्योच्या दुष्काळात जमीनच पेटली. ती आत धुमसते, वरवर पाणी मारून भागत नाही. कालवे बुजवून पाण्याची पातळी वर आणावी लागते.

गवतकाडी: न्यूझीलंडबद्दल मान्य. पीट जाळा असं मी म्हटलेलंच नाही. पण पाइनच्या वनात साठलेल्या सरपणाचं काय करायचं?

जाळरेषा: जाळायचंच, पण रीतीने. आधी माती दिसेपर्यंत खरवडून पट्टा काढायचा. वारा ज्या दिशेला वाहतो त्या टोकाला पेटवायचं, उतार असेल तर माथ्यावर. मग आग वाऱ्याविरुद्ध, हळू उतरते. पायथ्याशी पेटवली तर ती चढावर धावत सुटते. सगळ्यात कंटाळवाणं काम शेवटचं, आणि घात तिथेच होतो: प्रत्येक ओंडका, प्रत्येक बुंधा थंड झालाय का हे तपासणं. न्यू मेक्सिकोत २०२२ च्या जानेवारीत जाळलेले फांद्यांचे ढीग बर्फाखाली धुमसत राहिले. एप्रिलच्या वाऱ्यात ते भडकले आणि निसटलेल्या दुसऱ्या नियोजित आगीला मिळाले. सुमारे १ लाख ३८ हजार हेक्टर गेले.

ओलमाती: हेच म्हणतोय. बर्फ पडला म्हणजे आग विझली, असं धरून चालणाऱ्यांच्या हाती मशाल देऊ नका.