मदत हवी आहे: जुनी टुरिंग सायकल, ४८ हजार सांगायलेत, घ्यावी का सोडावी?

नमस्कार मंडळी. मी परभणीची. संभाजीनगरला एक जुनी टुरिंग सायकल (सामान लादून लांबच्या प्रवासाला जायची) बघून आलेय आणि भाव बरोबर आहे का हे ठरंना झालंय, म्हणून इथं विचारायलेय. पोस्ट लांबणार आहे, पण अर्धी माहिती देऊन सल्ला मागितला तर तुम्ही तरी काय सांगणार, म्हणून जे जे बघितलं ते सगळं लिहिते.

सायकल आहे सर्ली कंपनीची लाँग हॉल ट्रकर, काळी, ५२ ची फ्रेम, २६ इंची चाकं. एक काका विकायलेत, सायकल त्यांच्या मुलाची. मुलगा शिकागोकडं नोकरीला होता, तिथं २०१३ मध्ये घेतली, परत येताना सोबत आणली, आता तो पुण्यात असतो आणि सायकल इकडं जिन्याखाली उभी. बिल आहे, बीबीच्या (पायडलचा आस बसतो ती जागा) खाली कोरलेला नंबर बिलावरच्या नंबराशी मी स्वतः टॉर्च लावून जुळवून बघितला, त्यामुळं चोरीची नाही एवढं नक्की. सोबत ट्यूबसचं मागचं कॅरिअर आणि ऑर्टलीबच्या दोन वॉटरप्रूफ बॅगा. सगळं मिळून ४८ हजार. मी ३८ म्हणलं, काका म्हणाले पोराला विचारून सांगतो.

कशासाठी पाहिजे ते पण सांगते, कारण त्यावरच सगळं आहे. दिवाळीनंतर मला औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि वेरूळचं घृष्णेश्वर ही आपल्या मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं सायकलवर करायचीत. औंढ्याहून निघून परभणी, गंगाखेड, परळी, मग बीड, गेवराई, शहागडला गोदावरी ओलांडून संभाजीनगर आणि शेवटी वेरूळ. मुक्काम करत, सामान सायकलवरच. ते जमलं की माहूर. आत्ता माझ्याकडं पुढं सस्पेन्शनवाली साधी एमटीबी आहे, सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर फिरायला चांगली, पण मागं बॅगा बांधल्या की प्रत्येक पायडलला टाच बॅगेला लागते. ह्या सर्लीत मागचं चाक लांब ठेवलंय, बीबीपासून मागच्या एक्सलपर्यंत ४६ सेंटिमीटर, मी बॅगा लावून चालवून बघितली, टाच कुठंच लागली नाही आणि सायकल डुलत पण नाही. तिथंच मन गेलं खरं.

आता चांगलं काय आहे ते. फ्रेम ४१३० क्रोमोली स्टीलची. हेड ट्यूबच्या (हँडल बसतं ती पुढची नळी) मागं डाउन ट्यूबच्या (तिथून बीबीकडं उतरणारी नळी) खालच्या बाजूला रंगाला सुरकुती पडली असेल तर समोरून धडक बसलेली असते असं वाचलं होतं, तिथं बोट फिरवून बघितलं, साफ आहे. फोर्क (पुढचा चिमटा) बाजूनं बघितला, मागं दबलेला वाटत नाही. मग दोऱ्याची टेस्ट केली, म्हणजे मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधायचा आणि सीट ट्यूबपासून (सीटखालची उभी नळी) दोन्हीकडचं अंतर पट्टीनं मोजायचं, दोन्हीकडं सारखं आलं. काका बिचारे दोऱ्याचं एक टोक धरून उभे राहिले, कुठंही घाई केली नाही, बघ बाई निवांत म्हणाले. माणूस सरळ आहे हे मला महत्त्वाचं वाटतं, भाव करताना पण.

गेअर तीन गुणिले नऊ. पुढच्या चकत्या २६, ३६, ४८ दातांच्या, मागं सगळ्यात मोठी ३४ ची, मोजले दात. म्हणजे सगळ्यात हलक्या गेअरला पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की चाक पाऊण फेराच फिरतं, साधारण दीड मीटर. दौलताबाद सोडल्यावर खुलताबादकडं जो घाट चढतो तिथं बॅगांसकट एवढा हलका गेअर लागणारच. आणि गेअरच्या काड्या हँडलच्या टोकाला आहेत, त्यात मागच्या गेअरची इंडेक्सिंग (ठराविक खटक्यांवर गेअर बसणं) बंद करून नुसत्या फ्रिक्शनवर (काडी हवी तिथं थांबवून) पण चालवता येतं, म्हणजे डिरेलर (चेन सरकवणारा भाग) थोडा वाकडा झाला तरी अंदाजानं गेअर बसवत गावापर्यंत येता येईल. आपल्याकडं हे फार कामाचं आहे असं माझं मत, कारण नऊ स्पीडचं काही बिघडलं तर बीडच्या अलीकडं कोण दुरुस्त करणार.

चाकं २६ ची आहेत हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो आणि ह्यावर तुमचं मत पाहिजेच. आपल्या तालुक्याच्या दुकानात जो २८ चा टायर मिळतो तो दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा, त्याचं रिमवर बसायचं माप ६३५ मिलिमीटर, आणि ह्या भारीतल्या ७०० सी चाकांचं माप ६२२, त्यामुळं दिसायला सारखे असले तरी तो टायर ७०० सी वर बसत नाही. पण एमटीबीचं २६ म्हणजे ५५९, आणि रेंजर टाइपच्या सायकलींमुळं तो टायर गंगाखेडात पण मिळतो, मानवतला पण मिळतो. हलका मिळेल, पण घरी पोचवेल. फक्त आत्ताच्या ट्यूबा बारीक प्रेस्टा व्हॉल्वच्या आहेत, त्या काढून मोटरसायकलसारख्या व्हॉल्वच्या टाकायच्या म्हणते म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडं हवा भरता येईल. रिमचं भोक थोडं मोठं करावं लागेल. कुणी केलंय का? आपल्याकडं सराटे आणि बाभळीचे काटे ह्यांच्यापुढं कुठलाच टायर टिकत नाही, हवेचा प्रश्न रोजचाच आहे.

आता काळजीच्या गोष्टी.

एक तर चेन. स्टीलची पट्टी लावली, बारा पूर्ण कड्या पिनपासून पिनपर्यंत बरोबर १२ इंच यायला पाहिजेत, एक अष्टमांश इंच जास्त आल्या. एक षोडशांश वाढली की चेन बदलायची असते आणि एक अष्टमांशाला कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) पण गेलेली असते, म्हणजे दोन्ही धरूनच चाला. टायरच्या कडांना भेगा, जिन्याखाली उभी राहून वाळलेत, बाहेरून नक्षी नवी दिसते पण उन्हाळ्यात चाळिशीच्या पुढच्या उन्हात तापलेल्या डांबरावर असल्या टायरवर भरोसा ठेवणार नाही. केबल सगळ्या गंजलेल्या. हे सगळं पैसे टाकून होणारं काम आहे, त्याची भीती नाही.

भीती दोन गोष्टींची आहे. पहिली, सीट पोस्ट (सीटचा दांडा) अडकलाय. बोल्ट ढिला करून मी आणि काकांनी दोघांनी जोर लावला, हलला नाही. फ्रेम स्टीलची आणि पोस्ट ॲल्युमिनियमचा, वर्षानुवर्षं न काढता ठेवला की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. त्यात शिकागोकडं हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि मुलगा थंडीतही चालवायचा म्हणे, म्हणजे ते खारं पाणी सीट ट्यूबमधून आत गेलं असेल तर आतून फ्रेम कशी आहे हे पोस्ट निघाल्याशिवाय दिसणारच नाही. बाहेरून एक-दोन ठिकाणी रंगाला बुडबुडे आहेत, बीबीजवळ. लोक म्हणतात स्टील आहे, कुठल्याही गावात वेल्डिंग होतं. मला हे पटत नाही. ह्या नळ्या पातळ असतात, टोकाला जाड मधे पातळ, ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणाऱ्या माणसानं त्याच रॉडनं त्याच करंटवर जोडायला घेतली तर भोकच पडेल. अडीअडचणीला ठीक, पण त्या हिशोबानं सडलेली फ्रेम विकत घेऊ नये.

दुसरी भीती रिमची. ब्रेक कॅन्टी आहेत, म्हणजे रबर रिमला घासतं. मागच्या रिमच्या ब्रेक लागतो त्या पट्ट्यावर पट्टी आडवी धरली तर मधे उजेड दिसतो, आत खड्डा पडलाय. पुढच्या रिमला कमी आहे. किती खड्डा पडला की रिम बाद धरायची? चाक तसं सरळ आहे, फारसं आउट (डगमगत) नाही, ३६ च्या ३६ तारा जागेवर.

हिशोब असा केलाय. ही सायकल नवी होती तेव्हा अमेरिकेत बाराशे डॉलरच्या वर होती आणि आता कंपनीनं हे रिम ब्रेकवालं मॉडेल बनवणं बंद केलंय, डिस्कवालं चालू आहे. बॅगा आणि कॅरिअर वेगळं काढलं तर जुन्या भावात मी १४ हजार धरते, बॅगांचे हूक आणि शिवण तपासलीय, बादलीत बुडवून पण बघितल्या, आत थेंब आला नाही. म्हणजे नुसती सायकल ३४ ला पडायलीय. त्यावर चेन, कॅसेट, टायर, ट्यूब, केबल, ब्रेकचे रबर आणि छर्रे-ग्रीस मिळून पंधरा हजार तरी. एवढ्यात नवी ॲल्युमिनियमची हायब्रीड येते, वॉरंटीसकट, हे माझ्या भावाचं म्हणणं आणि त्याचं चूक नाही. पण त्या हायब्रीडला एवढा हलका गेअर नसतो आणि पुढं कॅरिअर लावायला फोर्कवर जागा नसते. मला वाटतं फ्रेम आतून चांगली असेल तर ही सायकल घेण्यासारखी आहे, आणि नसेल तर वीस हजारात पण नको. तुम्हाला काय वाटतं? उंची माझी ५ फूट ५ इंच, टॉप ट्यूबच्या (फ्रेमची वरची आडवी नळी) दोन्ही बाजूला पाय जमिनीवर टेकवून उभी राहिले तर वर इंचभर जागा राहते, हँडल मात्र थोडं लांब वाटतं, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) छोटा टाकून भागेल ना?

रविवारी परत जाणार आहे, त्याच्या आधी सांगितलंत तर बरं होईल.

सोमवारी रात्री जोडतेय

सगळ्यांचे मनापासून आभार. ज्यांनी ज्यांनी सीट पोस्ट निघाल्याशिवाय एक रुपया देऊ नको म्हणलं त्यांचं ऐकलं. काकांना फोन करून आधीच सांगितलं होतं, त्यांनी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पोस्टच्या कडेनं गंज सोडवायचं तेल सोडलं. रविवारी मी सोबत आमच्या परभणीचे मिस्त्री घेऊन गेले. त्यांनी सायकल उलटी केली, सीट दोन्ही हातांनी धरून आधी पिळली, ओढली नाही, एकदा कट्टकन आवाज आला की मग इंच इंच करत बाहेर. पोस्टवर पांढरी पूड होती, खालच्या टोकाला ओरखडे, पण ट्यूबमधे टॉर्च मारून बघितलं तर लाल पावडरीचा थर आहे, पापुद्रे सुटलेले नाहीत. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरनं बीबीपर्यंत टोचून बघितलं, कुठंच मऊ लागलं नाही. बुडबुड्याच्या जागी रंग खरवडला, खाली घट्ट धातू आहे. आत तेल मारून, बाहेरून रेड ऑक्साइड लावून वर रंग द्या म्हणाले, फ्रेम अजून खूप वर्षं जाते.

रिमचं मात्र तुम्ही म्हणलात तसंच, वाईटच निघालं. टायर काढून मिस्त्रींनी रिमच्या भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक छर्रा लावला, वरून कॅलिपर धरला आणि आलेल्या मापातून दोन छर्ऱ्यांची जाडी वजा केली. मागं सगळ्यात पातळ जागी १ मिलिमीटरच्या आत आलं. पुढं ठीक आहे. एक मिलिमीटरच्या खाली गेली की भरल्या हवेत भिंत फाटू शकते, आणि मागं बॅगांचं वजन, त्यामुळं मागची रिम बदलायची हे पक्कं. हब चांगला आहे, छर्रे बदलून तोच ठेवायचा.

हे काकांना तिथंच माप दाखवून सांगितलं. त्यांनी मुलाला फोन लावला, तो पण समजूतदार, रिमचे कमी करतो म्हणाला. ४१ ला ठरलंय. दोन हजार देऊन आलेय, उरलेले सायकल उचलताना.

आता शेवटचं एकच अडलंय. मला २६ ची, ५५९ मापाची, ३६ भोकांची, डबल वॉलची (दुहेरी भिंतीची) रिम पाहिजे, आणि ब्रेक घासायला कडेला सपाट पट्टा असलेली. दुकानात विचारलं की डिस्क ब्रेकची काढून देतात, तिला तो पट्टाच नसतो. रेंजरवाल्या सायकलची ३६ भोकांची ॲल्युमिनियम रिम इथं स्वस्तात मिळायलीय, पण ती सिंगल वॉल आहे आणि मागच्या चाकावर सामानासकट तिच्यावर जायला मन होईना. संभाजीनगर, नांदेड, लातूर, नाहीतर पुण्यात कुणाकडं अशी रिम पडून असेल किंवा कुठल्या दुकानात बघितली असेल तर कळवा, जुनी पण चालेल, भिंत मोजून घेईन. आणि नवीन रिमवर जुन्या तारांची लांबी जुळते का नव्या कापून घ्याव्या लागतात, हे ज्यांनी स्वतः चाक बांधलंय त्यांनी सांगा. दिवाळीच्या आधी चाक बांधून थोडं चालवून परत एकदा आउट काढून घ्यायचंय.