मदत हवी आहे: फिरती शिफ्ट आणि पाळी, नोंदींचा तक्ता

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या शिलाई-पॅकिंगवर फिरत्या शिफ्टमध्ये असणाऱ्या बायकांसाठी एकपानी तक्ता करतो आहोत. (रात्रपाळीही ‘पाळी’च, घोळ नको म्हणून ‘शिफ्ट’ लिहिलंय.) रात्रीच्या उजेडात मेलाटोनिन (झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक) कमी होतं, झोप मोडते, काहींची तारीख पुढेमागे होते. म्हणून रोज तीनच नोंदी: शिफ्ट, रक्तस्राव, किती पॅड. पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. 21 ते 35 दिवस ठीक. सातहून जास्त दिवस रक्तस्राव, तासाला पॅड भिजणं, किंवा गरोदर नसताना तीन महिने पाळी नाही, तर डॉक्टर. हिमोग्लोबिन 12 च्या खाली, तरीही. लोहाची गोळी चहासोबत नको. बहुतेकींचं तिथेच चुकतं.

अडलंय ते पुढे. पॅड चार ते सहा तासांनी बदलायला हवं, पण मशीन सोडायला बदली मिळत नाही. मग बायका पाणीच कमी पितात, तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात! लघवीची जळजळ त्यातूनच वाढते.

एका लाइनला किती बदली कामगार पुरतात? शिफ्ट सकाळ-दुपार-रात्र अशाच क्रमाने फिरवून कोणाला फरक दिसला का? आणि वापरलेल्या पॅडचा डबा रात्रीच्या शिफ्टला कोण रिकामा करतं?